जवळच्या वाटेवरची गर्दी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२००३ सालच्या सिंहस्थात मी स्वयंसेवक होतो. त्या वेळी मी नाशिकमधल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. बिनतारी संच हाताळता येतो, एवढ्या एका गुणावर माझ्या हाती वॉकीटॉकी आली आणि दंडाला पट्टा बांधला गेला. माझी जागा होती अहिल्याबाई होळकर पुलाच्या तोंडाशी. रविवार कारंजाकडून येणारा जो तो एकच प्रश्न विचारी, ‘‘दादा, रामकुंड कुठं?’’ आणि मीही प्रत्येकाला एकच उत्तर देई, ‘‘पूल ओलांडा, मालेगाव स्टँडवरून खाली उतरा. सगळ्यांत जवळची वाट तीच.’’

उत्तर खोटे नव्हते. वाट खरोखरच जवळची होती. पण २७ ऑगस्टच्या पर्वणीला पंचवटीत सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. शाही मिरवणुकीतल्या एका साधूने चांदीची नाणी उधळली, ती वेचायला लोक वाकले आणि मागचा लोंढा त्यांच्यावर आला, असे त्या वेळी सांगितले गेले. चौकशी आयोग नेमला गेला. मी धाडलेल्या माणसांमुळे ते घडले, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. पण त्या सकाळी शेकडो माणसांना मी एकाच तोंडाला पाठवत होतो आणि पुढे किती माणसे अडकली आहेत याची मला गंधवार्ता नव्हती. विचारावे म्हटले तर संचावर सगळे स्वयंसेवक एकाच वेळी बोलत होते. कानावर पडत होती ती नुसती खरखर.

पुढे कितीतरी दिवस हा विचार डोक्यातून जाईना. त्याच सुमारास एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक कागदपत्र वाचायला पाठवले. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने ते जुलै २००३ मध्ये, म्हणजे आपल्या दुर्घटनेच्या जेमतेम महिनाभर आधी प्रसिद्ध केले होते. विषय होता बिनतारी यंत्रांच्या तात्पुरत्या जाळ्यात संदेशाने वाट कशी शोधावी. मी वाचत गेलो आणि मला पुलावरचा तो प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागला. ‘दादा, रामकुंड कुठं?’ आज या प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढे ठेवायचा आहे.

सगळे एकदम बोलले तर

आपला मोबाइल टॉवरशी बोलतो आणि टॉवर पुढची व्यवस्था पाहतो. पण जिथे टॉवरच नाही, किंवा आहे पण कोलमडला आहे, तिथे काय करायचे? अशा वेळी यंत्रांनी आपसांतच जाळे उभे करायचे. माझा निरोप तुझ्या यंत्राने पुढच्याला द्यायचा, त्याने त्याच्या पुढच्याला. प्रत्येक यंत्र हेच प्रवासी आणि तेच वाटाड्या. कुणी मुख्य नाही, रस्ते आखलेले नाहीत आणि माणसे हलत असल्याने जाळ्याचा आकारही सारखा बदलतो. यालाच अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात. आपल्याला ही कल्पना नवी नाही. जत्रेत हरवलेल्या मुलाचे नाव तोंडातोंडी पुढे जाते, ती हीच रीत.

तिची सुरुवात हवाई बेटांवर झाली. १९७१ मध्ये नॉर्मन एब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या विद्यापीठात ‘अलोहा’ नावाचे बिनतारी जाळे सुरू केले. नियम अगदी साधा होता. बोलायचे असेल तेव्हा बोला. दोघे एकदम बोलले आणि संदेश एकमेकांवर आदळले, तर थोडा वेळ थांबून पुन्हा बोला. हिशेब केल्यावर दिसले, की या पद्धतीत वाहिनीचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. बोलणारे वाढले की टकरी वाढतात, टकरी वाढल्या की पुन्हा बोलणारे वाढतात आणि शेवटी कुणाचेच काही पोहोचत नाही. होळकर पुलावर माझ्या कानातली खरखर म्हणजे दुसरे काय होते? फक्त बोलायच्या वेळा ठरवून दिल्या, तर हेच प्रमाण दुप्पट होते, हेही लवकरच सिद्ध झाले. शिस्तीला कधी कधी एवढे मोल असते.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने ‘पॅकेट रेडिओ’ हा प्रकल्प हाती घेतला. गाडीत बसवलेले संच चालता चालता एकमेकांचे निरोप पुढे देऊ लागले. त्यातला प्रत्येक संच दर साडेसात सेकंदांनी ‘मी इथे आहे’ अशी हाळी देई. शेजारी ती ऐकत आणि आपल्या तक्त्यात नोंदवत. कोणाकडून कुठे जाता येते, हे त्या तक्त्यावरून ठरे.

शिळी बातमी आणि ताजी बातमी

इथे एक मोठी अडचण उभी राहिली. तक्त्यातली बातमी ताजी आहे की शिळी, हे ओळखायचे कसे? समजा, मी शेजाऱ्याला सांगितले, की रामकुंडाची वाट माझ्याकडून आहे. नंतर माझ्या पुढची वाट बंद झाली. मी शेजाऱ्याकडे पाहिले, तर तो म्हणतो, ‘‘माझ्याकडून वाट आहे की!’’ ही बातमी मुळात त्याने माझ्याकडूनच ऐकलेली. आता मी त्याच्याकडे माणसे पाठवणार, तो माझ्याकडे पाठवणार आणि माणसे आमच्या दोघांतच घिरट्या घालणार. संगणकाच्या जाळ्यात हे खरोखर घडत असे. गर्दीतल्या अफवेचा प्रवास तरी वेगळा कुठे असतो?

यावर एक सुबक तोड १९९४ मध्ये लंडनच्या परिषदेत मांडली गेली. मांडणारे दोघे होते, आयबीएमचे चार्ल्स पर्किन्स आणि मेरीलँड विद्यापीठातले प्रवीण भागवत. हे भागवत पुढे पुण्यात आले आणि २००३ पासून त्यांच्या एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीने पुण्यातून वाय-फायच्या सुरक्षेचे काम उभे केले. त्या दोघांची युक्ती अशी. प्रत्येक ठिकाणाने आपली बातमी देताना तिच्यावर क्रमांक टाकायचा आणि दर वेळी तो वाढवत न्यायचा. दोन बातम्या परस्परविरोधी आल्या, तर मोठ्या क्रमांकाची खरी मानायची. क्रमांक सारखेच असतील, तर कमी टप्प्यांची वाट घ्यायची. वाट तुटल्याचे कुणा दुसऱ्याच्या लक्षात आले, तर त्याने विषम क्रमांक टाकून ते कळवायचे. मूळ ठिकाण स्वतः बोलते तेव्हा क्रमांक सम असतो. म्हणजे ‘मी आहे’ असे कोण सांगते आणि ‘तो नाही’ असे कोण सांगते, हा फरक क्रमांकातच दिसतो.

मला यातले शहाणपण तंत्रज्ञानापलीकडचे वाटते. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकावर प्रयागराजला निघालेल्या प्रवाशांची चेंगराचेंगरी होऊन १८ जण गेले. प्रयागराजच्या नावाच्या दोन गाड्यांच्या घोषणांमुळे गोंधळ उडाला, असे त्या वेळी पोलिसांकडून सांगण्यात आले. घोषणा कोणती, कशासाठी आणि आधीची रद्द झाली की नाही, हे ऐकणाऱ्याला कळत नसेल, तर ध्वनिक्षेपकाचा आवाज कितीही मोठा केला तरी उपयोग नाही.

विचारणाऱ्यांचीच गर्दी

या पद्धतीत वाट लागो वा न लागो, सगळ्यांनी सतत हाळ्या देत राहायचे असत. माणसे थोडी असली तर ठीक, फार झाली की हाळ्यांनीच हवा भरून जाते. म्हणून पुढची पिढी म्हणाली, गरज पडेल तेव्हाच वाट विचारू. १९९६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातले डेव्हिड जॉन्सन आणि डेव्हिड माल्ट्झ यांनी अशी एक पद्धत दिली. त्यानंतर पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांनी दुसरी दिली. तिचे नाव एओडीव्ही. मला पाठवलेला जुलै २००३ चा कागद तो हाच. ‘अमक्याची वाट कुणाला ठाऊक आहे?’ असे एकाने शेजाऱ्यांना विचारायचे, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना. ज्याला ठाऊक असेल त्याने आल्या वाटेने उत्तर परत पाठवायचे.

पण प्रश्न विचारणे फुकट नसते. १९९९ मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवले, की सगळ्यांनी तोच प्रश्न पुढे ढकलला तर प्रश्नांचेच वादळ उठते. त्यांनी त्याला नावही ‘ब्रॉडकास्ट स्टॉर्म’ असेच दिले. वाट सापडण्याआधीच वाट अडते. उपाय असा, की शेजारच्या चौघांनी प्रश्न पुढे दिलेला ऐकला, तर पाचव्याने गप्प बसावे. आपल्याकडे गर्दीत आरोळी उठली की प्रत्येक जण तीच आरोळी ठोकतो. पाचव्याने गप्प बसणे यंत्राला शिकवता आले, माणसाला शिकवणे अवघड जाते.

दोन वाटा, पण हवा एकच

आता मूळ दुखण्याकडे येऊ. या सगळ्या पद्धती कमीत कमी टप्प्यांची वाट शोधत. म्हणजे जवळची वाट. प्रत्येकाने आपापल्यापुरती जवळची वाट धरली, की जाळ्याच्या मध्यभागी असलेल्या यंत्रांवर सगळ्यांचा भार येतो. कडेची यंत्रे रिकामी बसतात आणि मधली दमून जातात. त्यांच्यापुढे रांगा लागतात, संदेश गळू लागतात, बॅटरी संपते. एखादे मधले यंत्र बंद पडले, की त्याचा भार शेजाऱ्यावर जातो आणि मग तोही बसतो. मी पुलावर उभा राहून नेमके हेच करत होतो. एकेकट्याला दिलेला सल्ला बरोबर होता, सगळ्यांना मिळून दिलेला सल्ला चूक होता.

२००१ च्या सुमारास संशोधक म्हणू लागले, वाट निवडताना अंतर पाहू नका, वाटेवरच्या रांगा पाहा. त्याच काळात एका वाटेऐवजी दोन-तीन वाटा हाताशी ठेवणाऱ्या पद्धती निघाल्या. २००३ मध्ये एमआयटीच्या मंडळींनी दाखवले, की कमी टप्प्यांची वाट पुष्कळदा लांबलांब, कमकुवत दुव्यांची असते. संदेश सरासरी किती वेळा पाठवावा लागतो हे मोजून वाट निवडली, तर लांबचा रस्ताही लवकर पोहोचवतो. आपल्या आजीबाई सांगत, लांबून जा पण धड जा. त्याचे हे गणित.

मात्र बिनतारी जाळ्यात एक मेख आहे. तारेच्या जाळ्यात दोन तारा म्हणजे दोन रस्ते. बिनतारीत जवळजवळच्या दोन वाटा एकाच हवेत बोलतात, म्हणून एकीवरचा संदेश दुसरीला अडवतो. नकाशावर वाटा दोन, प्रत्यक्षात दीडही नाही. पंचवटीत फिरलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दोन गल्ल्या एकाच चौकात उघडत असतील, तर त्या दोन वाटा नव्हेतच.

सगळे इकडे, मग सगळे तिकडे

रांग पाहून वाट बदलणे शहाणपणाचे खरे, पण त्यातही एक फसगत आहे. ती बिनतारी जाळ्यांच्या आधीच लक्षात आली होती. १९७९ मध्ये अमेरिकेच्या अर्पानेट या जाळ्यात उशीर मोजून वाट ठरवण्याची नवी पद्धत आली. भार कमी असताना ती छान चाले. भार वाढला की गंमत होई. एक वाट भरली हे कळताच सगळी जाळी दुसऱ्या वाटेकडे वळे. ती तुंबे, पहिली ओस पडे. मग सगळे पुन्हा पहिलीकडे. वाटा दोन असून एका वेळी कामाला येई ती एकच. १९८७ मध्ये यावर उपाय केला गेला. वाटेची ‘किंमत’ एका वेळी थोडीच बदलेल, एकदम उसळी घेणार नाही, असे बंधन घातले. त्यामुळे थोडे जण वळत, बाकीचे आहेत तिथे राहत.

दुसरा धडा त्याच दशकातला. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात बर्कलेच्या दोन संस्थांमधले जाळे कोलमडले. अंतर जेमतेम चारशे यार्डांचे. वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. कारण, उत्तर आले नाही की प्रत्येक यंत्र अधीर होऊन तोच संदेश पुन्हा पाठवत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय आजही इंटरनेटच्या मुळाशी आहे. पुढे तुंबले असे दिसताच पाठवणाऱ्याने स्वतःच निम्म्यावर यावे आणि मग हळूहळू वाढवत जावे. थोडक्यात, एकूण माणसेच कुवतीपेक्षा जास्त झाली, तर वाटा बदलून भागत नाही. त्यांना निघण्याच्या ठिकाणीच थोपवावे लागते. २००० मध्ये पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी गणिताने हेच दुसऱ्या अंगाने दाखवले. अशा जाळ्यात यंत्रे वाढतात तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग घटतच जातो. कितीही हुशार वाटाड्या आणला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

नाशिकने काय शिकले

२०१५ च्या सिंहस्थात नाशिकने यातले बरेचसे केले, या शास्त्राचे नाव न घेता. रामकुंडापासून खाली तपोवनाकडे, टाकळी संगमाकडे, नांदूर आणि दसकपर्यंत नवे घाट बांधले. म्हणजे मुक्कामाचे ठिकाणच एकाचे अनेक केले. वाहने शहराबाहेर थांबवली, म्हणजे उगमापाशीच आवर घातला. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला हा आवर जरा जास्तच झाला. भाविकांना मैलोनमैल चालावे लागले, गर्दी अपेक्षेपेक्षा खूपच कमी आली आणि बंदोबस्तावर टीका झाली. १३ आणि १८ सप्टेंबरच्या पर्वण्यांना तो सैल केला गेला. मला ही टीका वाचताना जेकबसन आठवले. आधी निम्म्यावर या, मग हळूहळू वाढवा. चूक करायची तर या बाजूची करावी. ओस घाटाची भरपाई पुढच्या पर्वणीला होते.

त्या वेळी आणखी एक चांगली गोष्ट झाली. मूळचे नाशिकचे, एमआयटीतले प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ ही चळवळ उभी राहिली. स्थानिक मुलामुलींनी कुंभातल्या अडचणींवर साधने बनवली. मोबाइल टॉवरच्या माहितीवरून गर्दीचा अंदाज घेण्याचा प्रयत्न त्यातलाच. नीलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी ‘अशिओतो’ नावाची चटई केली. जपानीत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. चटईवरून किती पावले गेली हे मोजून ती आकडा पुढे कळवते. २००३ मध्ये होळकर पुलावर मला हवे होते ते इतकेच. पुढच्या चौकात किती माणसे आहेत, एवढा एक आकडा.

पण आकडा पोहोचायला जाळे शाबूत हवे. पर्वणीच्या दिवशी मोबाइल लागत नाही, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. अशा वेळी फोन ते फोन जाणारे निरोप कामी येऊ शकतात. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात हजारो तरुणांनी फायरचॅट नावाच्या प्रणालीतून असे निरोप पाठवले होते. मात्र लाखोंच्या गर्दीत प्रत्येकाचा फोन बोलू लागला, तर पुन्हा ‘अलोहा’चीच गत. म्हणून मला वाटते, जाळे भाविकांच्या फोनवर नव्हे, तर ठरावीक चौकांतल्या स्वयंसेवकांच्या संचांवर उभे करावे. थोडी यंत्रे, ठरलेल्या पाळ्या आणि छोटे संदेश. चौकाचे नाव, माणसांचा अंदाज, वेळ आणि क्रमांक. क्रमांक विसरू नये.

२९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजच्या संगमावर, मौनी अमावास्येच्या पहाटे, पुन्हा चेंगराचेंगरी झाली. त्याच दिवशी सरकारने ३० मृत्यू जाहीर केले. सगळ्यांना संगमाच्या नाकावरच स्नान करायचे होते. आपल्याकडे सगळ्यांना रामकुंडच हवे असते. श्रद्धेला मी जवळची वाट सोड असे सांगू शकत नाही. पण दसकच्या घाटावरही गोदावरीच वाहते, हे सांगू शकतो. २०२७ च्या पर्वण्यांना हे सांगणारी माणसे पुलापुलावर हवीत. आणि एक घाट मोकळा आहे म्हणून सगळ्यांना तिकडे वळवू नये. दहातल्या तिघांना वळवावे, बाकीच्यांना थोडे थांबवावे, मग पुन्हा आकडा पाहावा. अर्पानेटने हे शिकायला आठ वर्षे घेतली.

आता माझे वय झाले. पुन्हा दंडाला पट्टा बांधून उभा राहीन असे वाटत नाही. पण अजूनही होळकर पुलावरून जाताना कुणी बाहेरगावचा भाविक थांबवतो आणि विचारतो, ‘‘काका, रामकुंड कुठं?’’ मी लगेच बोट दाखवत नाही. आधी पुलाच्या कठड्यापाशी जातो, पलीकडे पाहतो आणि मगच वाट सांगतो.